स्लेयरचा 'डिकेड ऑफ अ‍ॅग्रेशन' फोनवर ऐकताना तुटतो, सुरातही जुळत नाही

हाफस्टेप: स्लेयर या थ्रॅश मेटल बँडच्या या लाइव्ह अल्बमच्या दोन्ही सीडी एमपी३ करून फोनमध्ये घेतल्या. 'ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस' संपून 'जीझस सेव्ह्ज' लागताना आवाज टचकन तुटतो. एकच इअरबड लावला की सोलोच्या वेळी गाणं पोकळ होतं. शिवाय 'डाय बाय द स्वोर्ड' मी स्टुडिओ रेकॉर्डिंग ऐकून गिटारवर बसवलंय, ते इथे जुळत नाही. सीडीच खराब आहे का?

रिपवाला: सीडी ठणठणीत असणार. एमपी३ची एक फ्रेम (तुकडा) १,१५२ सॅम्पलची (आवाजाच्या नमुन्यांची). एन्कोडर (एमपी३ बनवणारं सॉफ्टवेअर) पुढे-मागे कोरी जागा भरतो, प्लेअरने ती छाटली नाही की खटका बसतो. सरळ फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारा फॉरमॅट) रिप करा, म्हणजे सीडीवरून उतरवून घ्या. दोन्ही सीडी मिळून साधारण ८५ मिनिटं, ६०० एमबीच्या आसपास जातील. एमपी३च हवं असेल तर लेम एन्कोडर आणि गॅपलेस (मध्ये खंड न पाडता) वाजवणारा प्लेअर घ्या, फूबार२००० चालेल. क्रॉसफेड (एक गाणं पुढच्यात विरघळवणं) बंद. रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) लावलंत तर 'अल्बम' मोडवर. 'ट्रॅक'वर ठेवलं की दर गाण्याला प्रेक्षकांचा आवाज उडी मारतो.

मात्र काही गाण्यांच्या सांध्यावर गर्दीचा पोत खरंच बदलतो. रेकॉर्डिंग तीन कार्यक्रमांचं आहे: वेम्बली (ऑक्टोबर १९९०), सॅन बर्नार्डिनो (मार्च १९९१) आणि लेकलंड (जुलै १९९१). ते रिपने सुधारणार नाही.

डावा_उजवा: पोकळपणाचं कारण सोपं. बँडचे गिटारवादक दोन: हॅनेमनची गिटार एका बाजूला, किंगची दुसऱ्या. स्टुडिओत सोलोखाली वेगळी रिदम (साथीची गिटार) भरता येते. इथे एक जण सोलोला गेला की त्याच्या बाजूची रिदम गायब. म्हणून दोन्ही कान लावा, नाहीतर ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ चालू करा. रिफ बसवणाऱ्याला मात्र हीच चैन आहे: बॅलन्स पूर्ण एका बाजूला सरकवा, एकाचाच उजवा हात ऐकू येतो. 'वॉर एन्सेम्बल'वर करून बघा.

ड्रॉपनाही: सूर जुळत नाही कारण 'डाय बाय द स्वोर्ड' ज्यात आहे तो 'शो नो मर्सी' (१९८३) स्टँडर्ड ईमध्ये (गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये) आहे, या दौऱ्यांवर बँड अर्धा सूर खाली, ई-फ्लॅटमध्ये वाजवत होता. त्यामुळे 'द अँटिख्राइस्ट', 'ब्लॅक मॅजिक'चंही तेच होणार. सहाही तारा अर्धा सूर उतरवा. १०-४६चा सेट (सर्वांत बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) असेल तर जाड तार ढिली पडते, जोरात पिक मारला की सूर क्षणभर चढतो, १०-५२ लावा. फ्लॉइड रोज (तारा जखडणारा हलता ब्रिज) असेल तर आधी नटचे (मानेच्या टोकाच्या पट्टीचे) क्लॅम्प सोडा. ताण कमी झाल्यामुळे स्प्रिंग ब्रिजला आत ओढतात, म्हणून मागच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा ढिले करा, पुन्हा ट्यून करा, ब्रिज समतल येईपर्यंत हेच.

हाफस्टेप: फ्लॅकने खटका गेला. यापेक्षा स्लेयरचाच २०१९चा लाइव्ह अल्बम 'रिपेंटलेस किलॉजी' घ्यावा का?

डावा_उजवा: त्यात हॅनेमनच्या जागी गॅरी होल्ट आणि ड्रम्सवर लोम्बार्डोऐवजी बोस्टाफ, २०१७चा इंगलवूडचा कार्यक्रम. आवाज जास्त स्वच्छ. पण 'एंजल ऑफ डेथ'मधली डबल बास ड्रमची फिल (मधला छोटा ड्रमचा तुकडा) लोम्बार्डोकडूनच हवी असेल, तर आहे तोच ठेवा.

रिपवाला: आणि 'पोस्टमॉर्टेम'नंतर स्टुडिओ अल्बमसारखं सलग 'रेनिंग ब्लड' शोधत बसू नका. इथे पहिलं दुसऱ्या सीडीवर आहे, दुसरं पहिल्या. प्लेलिस्टमध्ये शेजारी लावलीत तरी सांधा बसणार नाही.