मदत हवी आहे: व्हेनिसचा 'समुद्राशी लग्न' सोहळा, अंगठी टाकताना बघायचीय तर उभं कुठे राहायचं?

मंडळी, फेस्ता देल्ला सेन्सा (हाच तो समुद्राशी लग्नाचा सण) कोणी प्रत्यक्ष पाहिलाय का? पूर्वी व्हेनिसचा डोजे (प्रजासत्ताकाचा प्रमुख) सोन्याने मढवलेल्या बुचिंतोरो नावाच्या बोटीतून लिदो बेटापर्यंत जाऊन समुद्रात अंगठी टाकायचा, 1797 ला प्रजासत्ताकच गेलं, पुढच्या वर्षी फ्रेंचांनी बोटीचं सोनं काढायला ती जाळली आणि सगळं बंद पडलं. 1965 पासून परत सुरू केलंय, आता डोजेच्या जागी महापौर असतो. (आईचं म्हणणं, ही तर आपली नारळी पौर्णिमाच, फक्त नारळाऐवजी अंगठी.)

मागच्या वर्षी आम्ही सान मार्कोच्या काठावर दोन तास उन्हात उभे, वल्ह्यांच्या बोटी झकास सजवलेल्या, लाल-सोनेरी झेंडे वगैरे, पण त्या समोरून निघून गेल्या आणि अंगठी टाकली तिकडे लांब लिदोला सान निकोलो चर्चच्या समोर. म्हणजे मेन गोष्टच हुकली!

यंदा परत जायचंय, मुक्काम मेस्त्रेला (व्हेनिसचा मुख्य भूमीवरचा भाग), सोबत आई, गुडघ्यामुळे तिला फार चालवत नाही आणि पूल तर नकोच. तारीख माहितीय, असेन्शन (येशूच्या स्वर्गारोहणाचा सण) नंतरचा रविवार, त्यामुळे ते सांगू नका. महापालिकेचा प्रोग्रॅम वाचला पण त्यात प्रेक्षकांनी कुठे थांबायचं ते नीट कळत नाही. प्रायव्हेट बोट बजेटबाहेर.

तर लिदोच्या वापोरेत्तो (सार्वजनिक बोट) स्टॉपवरून सान निकोलोला आईला बसने नेता येईल का, तिथे काठावरून अंगठी टाकताना खरंच दिसते का आणि जागा मिळवायला किती वाजता पोचावं लागेल?