निःस्पृह, सचोटी, चारित्र्य: नेमका शब्द कोणता?

आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष पायउतार होताहेत आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मसुद्यात कोणीतरी 'चारित्र्यसंपन्न व निष्कलंक नेतृत्व' असं घालून ठेवलंय. दोन्ही शब्द खटकतात. लोकांचा पैसा हाताळूनही हात कोरडे ठेवणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

—

'निष्कलंक' वाचताना आधी कलंकच डोळ्यांपुढे येतो. चौकशीतून सुटलेल्या माणसाला तो शोभेल. तुमच्या अध्यक्षांवर तसं काही बालंट आलं नसेल तर काढा.

'चारित्र्य'ची तऱ्हा वेगळी. बातमीत 'चारित्र्याच्या संशयावरून' असं दिसलं की पुढे बहुतेक वेळा बायकोचा खून किंवा मारहाण असते. कुठल्या नगरसेवकाच्या टेंडरबद्दल हे शब्द वाचलेत का कधी? त्याची असते ती 'प्रतिमा', स्वच्छ किंवा डागाळलेली. बाईला चारित्र्य आणि पुढाऱ्याला प्रतिमा, अशी वाटणी आपण करून टाकलीय. पोलिसांच्या 'चारित्र्य पडताळणी'त त्या शब्दाला थोडा मोठा अर्थ उरलाय, पण तिथेही मुख्यतः गुन्ह्यांची नोंदच बघतात.

—

ताईंशी सहमत. माझं मत 'निःस्पृह'ला. स्पृहा म्हणजे हाव, ओढ. ती नसलेला तो निःस्पृह. मराठी माणसाला हा शब्द ऐकला की रामशास्त्री प्रभुणे आठवतात, आणि त्यात काही वावगं नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर आले, आणि त्यांच्याच न्यायाधीशाने त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. मग शास्त्रीबुवांनी पद सोडलं. (आख्यायिकेतला 'ध चा मा' याच प्रकरणातला. एका खुनाने भाषेला लबाडीचा वाक्प्रचारही दिला आणि 'रामशास्त्री बाणा'ही.)

पण निःस्पृह म्हणजे विरक्त नव्हे. राघोबांची सत्ता गेल्यावर रामशास्त्री पुन्हा न्यायाधीशपदावर आले. पदाचं वावडं नव्हतं, पदापायी मिंधं होण्याचं होतं. 'निःस्पृह'चा अर्थ 'साधा राहणारा' असा करतात तो म्हणूनच अपुरा वाटतो. जाडंभरडं नेसून भाच्याला कंत्राट देणारे कमी नाहीत.

मंत्र्यांची शपथही ऐका. मराठीत 'निर्भयपणे तसेच निःस्पृहपणे तसेच कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' असं आहे. हिंदी शपथेत याच जागी 'पक्षपात' न करण्याची हमी आहे. मराठी करणाऱ्याने पक्षपाताच्या मुळाशी असलेल्या हावेवर बोट ठेवलं. मला हे भाषांतर फार आवडतं. शपथविधीत ते इतक्या भरभर म्हटलं जातं की कोणाच्या लक्षात येत नाही, हे वेगळं.

—

मी सरकारी नोकरीतला. आमच्याकडे शब्द एकच, 'सचोटी'. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये कर्मचाऱ्याकडून पहिली अपेक्षा तीच आहे. 'सचोटी संशयास्पद' एवढे दोन शब्द गोपनीय अहवालात आले तर बढती अडते. रोजच्या व्यवहाराला हा शब्द बरा. 'निःस्पृह' मोठ्या प्रसंगासाठी ठेवा.

—

जाता जाता एक भर. कौटिल्याने अमात्यांच्या या गुणाला 'शौच' म्हटलंय. धर्म, अर्थ, काम आणि भय अशा चार आमिषांनी गुप्तपणे पारखायचं आणि शुद्ध ठरेल त्याला तसं काम द्यायचं. आज 'शौचाची परीक्षा' म्हटलं तर पॅथॉलॉजी लॅब आठवेल. मात्र दुसरा शब्द शाबूत राहिला. जे धन 'न भक्षयन्ति', खात नाहीत, त्यांना पदावर कायम करावं असं तो सांगतो. आपणही 'पैसे खाल्ले' असंच म्हणतो. वरकमाई, चिरीमिरी, खाबूगिरी, हात ओले करणे, वजन ठेवणे… खाणाऱ्यांसाठी शब्दांची रेलचेल आहे. न खाणाऱ्यासाठी मात्र इथे धागा काढावा लागतो.

—

मूळ प्रश्नकर्ता: सर्वांचे आभार. असं लिहिलंय: 'कर्जवाटपात ते निःस्पृह राहिले. स्वतःच्या पुतण्याचा अर्जही त्यांनी तारण अपुरं म्हणून परत केला.' पुतण्या समारंभाला येणार आहे, तेवढी एक पंचाईत.

—

पुतण्याला आधी दाखवून घ्या. आणि 'निःस्पृह'चा विसर्ग छापखान्यात गळतो, तेव्हा प्रूफ स्वतः बघा.