अष्टमीचा चंद्र आणि एक रूपविकारी तारा

आकाशदर्शन गटाची मासिक बैठक अमावस्येजवळच ठेवावी, असं सुचवलं जातं; दीर्घिका आणि तेजोमेघ बघणाऱ्यांसाठी ते योग्यच आहे. पण नवख्यांना बोलवायचं असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडा. पौर्णिमेचा चंद्र सपाट दिसतो, सावल्याच नसतात. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात आणि छोट्या दुर्बिणीतूनही त्यांच्या कडा उठून दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या तोंडून निघणारा "अरे!" ऐकायला मला आजही आवडतं.

दुसरं म्हणजे, नुसत्या व्याख्यानांवर गट टिकत नाही. सगळ्यांनी मिळून करायचं एखादं निरीक्षण हवं. आम्ही वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा सेफी हा रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणारा तारा घेतला. जॉन गुडरिक या इंग्रज खगोलनिरीक्षकाने १७८४ मध्ये याची रूपविकारिता ओळखली. ५.३७ दिवसांत त्याची प्रत (तेजाचं माप; आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी) ३.५ ते ४.४ अशी बदलते, म्हणजे दुर्बीणही लागत नाही. जवळचे झीटा (३.४) आणि एप्सिलॉन (४.२) हे तारे तुलनेला सोयीचे. प्रत्येकाने शेजाऱ्याला न विचारता प्रतीचा आपला अंदाज वेळेसकट लिहायचा. अंदाजांत फरक पडतो, पडू द्या. काही आठवड्यांच्या नोंदी एकाच आवर्तनावर, म्हणजे ५.३७ दिवसांच्या एका चक्रावर, मांडल्या की चढ भराभर आणि उतार सावकाश असा आलेख उमटतो. तो स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलेला असतो, म्हणून शाळकरी मुलंसुद्धा पुढच्या बैठकीला वही घेऊन हजर असतात.

आणि विजेऱ्यांवर लाल कागद लावा. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाने ते सरावणं मोडतं.