गवेन नुसता सूडाचा धनी नव्हे

आर्थर राजाच्या दंतकथांमधला सरदार सर गवेन म्हणजे सूडाने आंधळा झालेला माणूस, असं एक मत आहे. ते मॅलरीपुरतं, म्हणजे आर्थरकथांचा ग्रंथ लिहिणाऱ्या पंधराव्या शतकातल्या इंग्रज लेखकापुरतं, पटतं. आर्थरचाच दुसरा सरदार लान्सलॉट याच्या हातून गॅरेथ आणि गहेरिस हे त्याचे निःशस्त्र भाऊ मारले जातात आणि तो आर्थरलाही युद्धात ओढतो. पण त्याआधीच्या, चौदाव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्यातला गवेन बघा. आज तू मला वार कर, वर्षभराने मी तुला करेन, असं आव्हान देणाऱ्या हिरव्या सरदाराचं डोकं गवेनने उडवलं, तर तो ते उचलून चालता होतो! वर्षभराने तोच वार झेलायला गवेन शब्दाप्रमाणे जातो. वाटेत तो एका किल्ल्यात मुक्काम करतो, तिथल्या यजमानाची बायको त्याला जीव वाचवणारा हिरवा रेशमी पट्टा देते आणि हा पठ्ठ्या तो यजमानापासून लपवतो. कुऱ्हाड खाली येताना खांदे आकसतात, शेवटी मानेवर नुसता ओरखडा. परतल्यावर तो शरमेने मेलेला. दरबार मात्र हसतो आणि तसेच पट्टे सगळे मिरवू लागतात. मला हा घाबरणारा गवेन लान्सलॉटपेक्षा जवळचा वाटतो.

आणि मॅलरीतही, मरणाच्या दारात तो लान्सलॉटला पत्र लिहून राजाच्या मदतीला बोलावतो, दोष स्वतःच्या माथी घेतो. निव्वळ सूडबुद्धीचा माणूस असं करेल? जाता जाता: १४८५ साली मॅलरीचा ग्रंथ छापणाऱ्या कॅक्स्टनने, आर्थर खरंच होऊन गेला याचा एक पुरावा म्हणून, डोव्हरच्या किल्ल्यातली गवेनची कवटी प्रस्तावनेत नोंदवली आहे.