परदेशातील अर्थशास्त्र: एका वर्षाची एमएससी हा सौदा परवडतो का?

सीमांत (चर्चाप्रस्ताव):

अर्थशास्त्र शिकायला परदेशी जावे का, हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरू होतो. विद्यार्थी आधी विद्यापीठांच्या क्रमवारीचा तक्ता उघडतो, आणि आपण नेमके काय विकत घेतो आहोत याचा विचार प्रवेशपत्र हाती पडल्यावर करतो. माझे म्हणणे असे की, ज्याला पुढे संशोधन करायचे आहे त्याने कर्ज काढून ब्रिटनमधील एका वर्षाची एमएससी करणे हा वाईट सौदा आहे. अमेरिकेतील पीएचडीला थेट अर्ज करावा. ते जमत नसेल तर ऑक्सफर्डच्या एमफिलसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पाहावा.

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या विभागांत पीएचडीसाठी आधीची पदव्युत्तर पदवी बंधनकारक नसते. प्रवेश मिळाला तर शुल्क माफ होते, विद्यावेतन मिळते आणि त्याच्या बदल्यात काही सत्रे पदवीच्या वर्गांना शिकवण्यास किंवा प्राध्यापकांच्या संशोधनास मदत करावी लागते. पाच-सहा वर्षे जातात हे खरे, पण ती स्वतःच्या खिशातून जात नाहीत.

एमएससीचे वेळापत्रक मी स्वतः भोगले आहे. सप्टेंबरमध्ये गणिताची उजळणी झाली, ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि पीएचडीच्या अर्जांची मुदत डिसेंबरात आली. ज्या प्राध्यापकांकडे मी शिफारसपत्र मागायला गेलो ते मला जेमतेम दहा आठवडे ओळखत होते, आणि तेही दीडशे जणांच्या वर्गातील एक चेहरा म्हणून. त्यांनी अतिशय सौजन्याने सांगितले, “मी तुमचे गुण लिहू शकतो, पण अजून परीक्षाच झालेली नाही.” ज्या पत्रासाठी मी एवढा खर्च करून गेलो होतो, ते पत्र मिळण्याची वेळ अभ्यासक्रमाच्या रचनेतच नव्हती.

अवशिष्ट पद:

आपला अनुभव मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ‘थेट पीएचडीला अर्ज करावा’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. नामांकित विभागात एका वर्षी वीस-पंचवीस जागा असतात आणि अर्ज शेकड्यांनी येतात. ज्याच्या पदवीचे विद्यापीठ त्या प्रवेश समितीतील कोणालाही ठाऊक नाही, त्याचे पहिल्या वर्गातील गुण समितीने कसे वाचावेत? एमएससी त्या गुणांना ओळखीच्या मापात बसवते, आणि अनोळखी ठिकाणाहून आलेल्या विद्यार्थ्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

शिवाय सगळ्यांनाच पीएचडी करायची नसते. मध्यवर्ती बँका, स्पर्धा नियामक, सल्लागार संस्था आणि आंतरराष्ट्रीय संस्थांतील अनेक पदांना पदव्युत्तर पदवी पुरते; जागतिक बँकेच्या तरुण व्यावसायिकांसाठीच्या कार्यक्रमाची किमान शैक्षणिक अटही तीच आहे. एका वर्षात पदवी मिळाली तर एका वर्षाचे उत्पन्न वाचते, हा हिशोब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

सीमांत:

मी संशोधनाची इच्छा असलेल्यांबद्दलच लिहिले होते. नोकरीसाठी जाणाऱ्यांना माझा आक्षेप लागू नाही. पण आपला पहिला मुद्दा मान्य केला तर एक अडचण उभी राहते. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलेला संकेताचा सिद्धांत आपल्याला आठवत असेल. शिक्षणाने माणसाचे कौशल्य काडीइतकेही वाढले नाही, तरी कमी कुवतीच्या माणसाला ते शिक्षण पूर्ण करणे अधिक महाग पडत असल्यामुळे, पदवी ही कुवतीची खूण ठरू शकते. आपण एमएससीचे जे समर्थन केले आहे ते नेमके हेच आहे. मग ती खूण इतक्या महाग दराने घ्यायची की स्वस्तात मिळते का ते शोधायचे? दोन वर्षे प्री-डॉक म्हणून, म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली पगारी संशोधन-साहाय्यक म्हणून काम केले, तर हीच खूण पैसे देऊन नव्हे तर पैसे घेऊन मिळते.

अवशिष्ट पद:

प्री-डॉकच्या जागा मुख्यतः अमेरिकेतील विद्यापीठांत असतात आणि त्यांच्यावर तिथल्याच पदवीधरांची झुंबड असते. बाहेरच्याला तिथेही आधी तीच ओळखीची खूण लागते. शिवाय एमएससीत कौशल्य वाढत नाही, फक्त खूण मिळते, हे आपण गृहीत धरले आहे. मी ते धरलेले नाही.

अपूर्णांक:

दोघांचेही लक्ष अर्जाच्या तारखांवर आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी प्रत्यक्षात जिथे अडखळतो ती जागा वेगळी आहे, आणि तिचे नाव गणित.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, समष्टी अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याची शाखा) हे तीन विषय असतात आणि वर्षअखेरीस पात्रता परीक्षा होते. मला पहिल्याच आठवड्यात मिळालेल्या गृहपाठातील एक प्रश्न सांगतो. ग्राहकाचा पसंतीक्रम शब्दकोशासारखा आहे असे माना: दोन वस्तूंच्या गठ्ठ्यांची तुलना करताना तो आधी फक्त पहिली वस्तू पाहतो, आणि ती अगदी समसमान असेल तरच दुसरीकडे वळतो. अशा ग्राहकाचे कोणतेही उपयोगिता फलन, म्हणजे अधिक पसंतीच्या गठ्ठ्याला अधिक मोठी संख्या देणारा नियम, असू शकत नाही, हे सिद्ध करा. मी दोन संध्याकाळी कागद काळे केले, आकृत्या काढल्या, अवकलन करून पाहिले. उत्तर पाच ओळींचे निघाले. असे फलन असते, तर पहिल्या वस्तूच्या प्रत्येक परिमाणासाठी संख्यारेषेवर एक स्वतंत्र अंतराल मिळाले असते. प्रत्येक अंतरालात किमान एक परिमेय संख्या असते. परिमेय संख्या मोजता येतात, पण ती परिमाणे मोजता येण्याच्या पलीकडची आहेत. म्हणून असे फलन नाही. या पाच ओळींत बाजार नाही, किंमत नाही, पैसा तर नाहीच. अर्थशास्त्राच्या पदवीत जे शिकलो होतो त्यातले काहीही कामाला आले नाही. उपयोगी पडला असता तो रिअल अॅनालिसिसचा, म्हणजे संख्या आणि फलनांच्या काटेकोर सिद्धतांचा वर्ग, जो मी कंटाळवाणा म्हणून सोडला होता.

तेव्हा कोणी सल्ला विचारला तर मी विद्यापीठाचे नाव विचारत नाही, गुणपत्रिकेत रिअल अॅनालिसिस, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता आहे का ते विचारतो. हे विषय कुठेही शिकता येतात आणि ते शिकायला परदेशी शुल्क भरण्याची गरज नाही.

परिघावरून:

मागील प्रतिसाद वाचून मला जे म्हणायचे होते त्याचा पुरावा आयताच मिळाला. पैसा नाही, बाजार नाही, आणि तरीही हे अर्थशास्त्राच्या सर्वोच्च शिक्षणाचे प्रवेशद्वार! नोव्हेंबर २००८ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आलेल्या राणी एलिझाबेथ यांनी तिथल्या अर्थतज्ज्ञांना विचारले होते की, हे जागतिक आर्थिक संकट येताना कोणालाच कसे दिसले नाही. त्यानंतर २०११ मध्ये हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी प्राथमिक अर्थशास्त्राच्या वर्गातून सभात्याग केला, आणि पुढे मँचेस्टरच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम बदलावा म्हणून स्वतःची संघटना काढली. ज्या शिक्षणाबद्दल तिथले विद्यार्थीच असमाधानी आहेत, ते घ्यायला इतरांनी रांगा लावाव्यात यातील विसंगती कोणाला टोचत नाही का?

माझी खरी तक्रार त्याहून खोल आहे. परदेशी गेलेला विद्यार्थी आपला प्रश्न घेऊन जातो आणि पाच वर्षांनी दुसऱ्याचाच प्रश्न घेऊन बाहेर पडतो. माझ्या परिचयातील एकाला हंगामी मजुरांना मिळणाऱ्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर आणि त्यातून तयार होणाऱ्या बंधनावर काम करायचे होते. मार्गदर्शकाने विचारले, “याची विदा (डेटा) कुठे आहे?” ती नव्हती. आता त्याचा प्रबंध अमेरिकेतील बेकारी भत्त्यावर आहे, कारण त्याची विदा सुबक आणि तयार मिळते. विद्यार्थ्याला कोणी अडवले नाही, कोणी रागावलेही नाही. प्रश्न आपोआप बदलला.

अवशिष्ट पद:

आपले चित्र पंधरा-वीस वर्षे जुने आहे. प्रवेशद्वारी गणित असले तरी आतील काम आज बहुतांशी अनुभवाधिष्ठित आहे. कार्ड आणि क्रुगर यांनी १९९४ मध्ये किमान वेतनावरचा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यासाठी त्यांनी अमेरिकेतील किमान वेतन वाढलेल्या न्यू जर्सी आणि ते न वाढलेल्या शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील ४१० फास्ट-फूड उपाहारगृहांची माहिती वेतनवाढीच्या आधी आणि नंतर गोळा केली. वेतन वाढले की रोजगार घटतो, हे पाठ्यपुस्तकातील विधान तिथे दिसले नाही. त्या निष्कर्षावर पुढे कडाक्याचे वाद झाले, तरी या धाटणीच्या संशोधनाला २०२१ चे नोबेल मिळाले. बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ मध्ये ते गरिबी कमी करण्याच्या उपायांवरील ज्या प्रयोगांसाठी मिळाले, त्या प्रयोगांची विदाही तयार नव्हती; गावागावांत जाऊन ती निर्माण करावी लागली. म्हणजे विदा नसणे ही संशोधनाची सुरुवातही असू शकते. आपल्या परिचिताने प्रश्न सोडला, याचा दोष संपूर्ण विद्याशाखेवर टाकणे मला पटत नाही.

परिघावरून:

गावागावांत जाऊन विदा निर्माण करायला अनुदान लागते. ते आधी प्राध्यापकाला मिळते, आणि ज्याला अनुदान मिळते त्याचाच प्रश्न पुढे जातो. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

जुनी वही:

प्रश्न बदलतोच असे नाही, याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण इथे अजून कोणी दिले नाही याचे आश्चर्य वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे एडविन सेलिग्मन यांच्या हाताखाली सार्वजनिक वित्ताचा अभ्यास केला आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्याकडे काम केले. तिथला त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता आणि तो १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. सुवर्ण विनिमय परिमाणाची, म्हणजे रुपयाचे मूल्य सोन्यावर आधारलेल्या परकीय चलनाशी बांधण्याच्या पद्धतीची, ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये जी बाजू मांडली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी त्यात युक्तिवाद केला. त्या पुस्तकाला कॅनन यांचीच प्रस्तावना आहे, आणि लेखकाचे बहुतेक युक्तिवाद आपल्याला मान्य नाहीत, असे त्यांनी तीत स्पष्ट लिहिले आहे. तरी त्या विचारांतील ताजेपणाचे कौतुकही केले आहे.

मला यात दोन्ही बाजूंना काही सांगण्यासारखे दिसते. प्रश्न स्वतःचा होता, पण तो ज्या शिस्तीने मांडला गेला ती शिस्त कोलंबिया आणि लंडनच्या ग्रंथालयांत व चर्चावर्गांत घडली. मार्गदर्शकाशी असहमत राहूनही त्याची प्रस्तावना मिळवता येईल इतका भक्कम युक्तिवाद करायला शिकणे, ही गोष्ट मी विकत घेण्यासारखी मानतो.

परिघावरून:

उदाहरण निर्विवाद मोठे आहे, पण अपवादावरून नियम काढू नये. त्या काळी पहिल्या वर्षाची पात्रता परीक्षाही अशी नव्हती, आणि ठरावीक पाच नामांकित नियतकालिकांत छापून आल्याशिवाय नोकरी नाही, असा धाकही नव्हता.

तिसरा पर्याय:

चर्चा अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातच का फिरते आहे? जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नसते, फक्त सत्रागणिक किरकोळ वर्गणी असते. बाडेन-वुर्टेमबर्ग हे राज्य अपवाद आहे. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतात, आणि मानहाइम त्याच राज्यात येते. बॉन येत नाही. अर्थशास्त्रात ही दोन्ही नावे वजनदार आहेत आणि दोन्हीकडे पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीतून मिळते. तिथली पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असल्यामुळे सीमांत यांची शिफारसपत्राची अडचणही उरत नाही.

सीमांत:

बॉनबद्दल मी आधीच लिहायला हवे होते; माझ्या विधानात आता ‘दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शक्यतो शुल्क नसलेला’ अशी दुरुस्ती करतो. अपूर्णांक यांचे म्हणणेही मी पूर्णपणे मानतो. मात्र एमएससीबद्दलचे माझे मत बदललेले नाही. ज्याने ती आधीच सुरू केली आहे, त्याने त्याच वर्षी पीएचडीला अर्ज करू नये. परीक्षा आणि प्रबंध पूर्ण करावा, मग वर्षभर एखाद्या प्राध्यापकाकडे संशोधन-साहाय्यक म्हणून काम करावे आणि पुढच्या डिसेंबरात अर्ज भरावा. तेव्हा शिफारसपत्र लिहिणाऱ्याकडे गुण असतील, प्रबंध असेल आणि वर्षभराचे काम डोळ्यांपुढे असेल.

अवशिष्ट पद:

सल्ला चांगला आहे. मात्र ते मधले वर्ष म्हणजे शिक्षण संपलेले, पीएचडी सुरू न झालेली आणि कर्जाचे हप्ते चालू झालेले असा काळ असतो. विद्यार्थ्याचा व्हिसा तेव्हा संपत आलेला असतो, आणि साहाय्यकाचा पगार देऊ शकणारा प्राध्यापक त्या वर्गातील मोजक्याच विद्यार्थ्यांना मिळतो. आपल्याला तसा प्राध्यापक मिळाला होता का?

सीमांत:

मिळाला होता, पण दुसऱ्या विद्यापीठात, आठ महिन्यांनी आणि अर्धवेळ. तेवढे महिने मी पदवीच्या मुलांना अर्थमितीच्या शिकवण्या देऊन भागवले.