1923 च्या जॅझ रेकॉर्डवरचा क्लॅरिनेट: सूर का जुळेना?

बँडवाला_कोल्हापूर
मंडळी, लग्नाच्या बँडात बी-फ्लॅट क्लॅरिनेट वाजवतो. किंग ऑलिव्हर या जॅझवाल्याच्या बँडचं 'डिपरमाउथ ब्लूज' (जेनेट कंपनीची तबकडी, एप्रिल 1923) आहे ना, त्यातला जॉनी डॉड्सचा क्लॅरिनेट सोलो बसवायचाय. माझ्याकडच्या फाइलचा सूर सी आणि बी यांच्या मधेच लटकतोय. वर बास ड्रमचा पत्ता नाही, क्लॅरिनेट मात्र लख्ख. असं का?

तबकडी78
त्या काळच्या तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांच्या वेगानंच कापलेल्या असतीलच असं नाही. मूळ चाल सीमध्ये आहे, म्हणजे तुमच्या क्लॅरिनेटवर डी. अर्धा सेमिटोन (सेमिटोन म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) खाली असेल तर वेग साधारण 3 टक्के वाढवा, पूर्ण सेमिटोनला 6. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड बदला, नुसता पिच नको. तरच लय आणि व्हायब्रॅटो ठिकाणावर येतात. सूर लावताना डॉड्सवर भिस्त ठेवू नका, तो स्वर मुद्दाम ओढतो. मागे लिल हार्डिनचा पियानो पुसट वाजतोय, तो पकडा.

शाहूपुरीकर
ड्रमचं उत्तर: तेव्हा माईक नव्हता. सगळे एका भोंग्यासमोर वाजवायचे आणि त्याच आवाजाच्या जोरावर सुई मेणात खाच कापायची. साधारण 250 ते 2500 हर्ट्झ एवढंच नीट उतरायचं. बास ड्रमच्या दणक्यानं सुई उडायची, म्हणून ड्रमर बेबी डॉड्सनं तिथं लाकडी ठोकळे वाजवलेत. क्लॅरिनेटचं वरचं रजिस्टर या पट्ट्यात अलगद बसतं. खालचा 147 हर्ट्झचा स्वर गळतो, पण त्याच्यासोबत निघणारा तिप्पट कंपनांचा वरचा स्वर (हार्मोनिक) 441 ला उतरतो आणि उरलेलं कान भरून काढतो.

म्हणून तो किरटा आवाज जॉनी डॉड्सचा समजून हलकी रीड (क्लॅरिनेटची पत्ती) लावू नका. 1927 च्या लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट सेव्हन बँडच्या रेकॉर्ड माईकवरच्या आहेत. त्याचा भरीव खालचा आवाज तिथं ऐका.

तबकडी78
एक राहिलं. सोलो म्हणजे 12 मात्रांचे नव्हे, 12 बारचे दोन फेरे, साथ तुटक. पण खरी मजा बाकीच्या वेळी आहे. आपल्या बँडात क्लॅरिनेट ट्रम्पेटचीच चाल धरतो. इथं कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ) श्वास घेतो त्या फटीत क्लॅरिनेट शिरतो. आधी कॉर्नेटची चाल पाठ करा, मग फटी दिसतील. नंतर क्लॅरिनेटवाल्या जिमी नूनचं 1928 चं ऐका: ट्रम्पेटच नाही, चाल सॅक्सोफोनकडे, क्लॅरिनेट मोकाट.

बँडवाला_कोल्हापूर
लै भारी! मूळ तबकडी मिळाली तर एलपीच्या प्लेअरवर चालेल का?

शाहूपुरीकर
एलपीच्या सुईनं नको. ती 1 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), जुन्या तबकडीच्या रुंद खाचेच्या तळाशी घासत खरखरते. 3 मिलची लावा. आणि पुसायला स्पिरिट वापरू नका, तबकडीतली लाख विरघळते.