बिस्किटांशिवाय चॉकलेट-स्ट्रॉबेरी टार्ट
बिस्किटाशिवाय टार्टचा तळ धरत नाही असं काही जण म्हणतात, पण खजूर मऊ असेल तर छान धरतो. १ वाटी बदाम, १०-१२ बिनबियांचे खजूर, चिमूटभर मीठ मिक्सरला फिरवायचं. मुठीत लाडवासारखं वळलं की झालं. गहू टाळायचा असेल तर तळात साधे ओट्सही नकोत, त्यात गव्हाचा अंश असू शकतो. वर कोको, मध आणि पातळ खोबरेल (खायचं हो, डोक्याचं नव्हे!) सारख्या प्रमाणात. दुकानातली कोको पावडर बहुधा भाजलेल्या बियांचीच, तेव्हा अगदी 'रॉ' (न भाजलेलं, न शिजवलेलं) म्हणता येणार नाही. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मुंबईत फ्रीजमधून काढलं की लगेच वाढा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी धुऊन कोरडी पुसा, ऐनवेळीच लावा. माझ्या पहिल्या खेपेला पाणी सुटून सगळा चिखल झाला होता.